विणकामासाठी विशेष परवानगी

नापास होण्यातही प्रतवारी असते. शंभरात बारा मिळवणाऱ्याचं दुःख सरळ असतं. चार दिवस घरचे बोलतात, पाचव्या दिवशी सगळे मुकाट्याने जेवायला बसतात. पण पंधरापैकी चौदा गणितं बिनचूक सोडवून जो नापास होतो, त्याने तोंड कुठे लपवायचं हे अजून कोणी ठरवून दिलेलं नाही. सिनोवे अशी दोनदा नापास झाली होती.

दोष तिचा नव्हता असं नाही, पण परीक्षाही तशीच होती. स्ट्रान्नेसच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला औषधांच्या हिशेबाचा पेपर असतो. किती मिलिग्रॅमच्या किती गोळ्या, सलाइनचे मिनिटाला किती थेंब, एवढंच. तीन तास, पंधरा गणितं, आणि पास व्हायचं तर पंधराच्या पंधरा बरोबर. एक चुकलं की नापास. हे फार होतं अशी कुणी कुरकुर केली, तर शिकवणाऱ्या बाई शांतपणे विचारत, की तुमच्या आईला चौदा दिवस बरोबर औषध दिलं आणि पंधराव्या दिवशी दहापट दिलं तर तुम्हाला चालेल का. त्यावर कुरकुर थांबे. खेपा एकूण तीन. पहिल्या खेपेला सिनोवेचं बारावं गणित चुकलं, दुसऱ्या खेपेला चौथं, आणि दोन्ही वेळा दशांशचिन्ह फक्त एक घर सरकलं होतं. तिसऱ्या खेपेला सरकलं तर कॉलेज संपलं. मग गावाकडे परत जाऊन मासळीच्या कारखान्यात खोकी भरायची. तिथे दशांशचिन्ह कुठेही सरकलं तरी कॉड माशाला काही फरक पडत नाही.

चमत्कारिक गोष्ट अशी, की घरी सिनोवेचं एकही गणित चुकत नसे. तिने जुने पेपर काढून दोनशे गणितं सोडवली आणि दोनशेही बरोबर आली. मग परीक्षेच्याच खोलीत कुठला राक्षस बसलेला असतो, याचा ती तीन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिची नजर आपल्या मांडीवर गेली आणि तिला उत्तर सापडलं. मांडीवर विणकाम होतं.

तिच्या वर्गात निम्म्या मुली विणत. दोन मुलगेही विणत, पैकी एक बरं विणे. शिकवणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे, उलट सोयच होती: सुया थांबल्या, की आपलं शिकवणं कुठे अवघड झालं ते त्यांना आपोआप कळे. पण सिनोवेचं प्रकरण इतरांहून पुढचं होतं. तिचा दिवस असा, की सकाळी वर्ग, दुपारी इस्पितळातली उमेदवारी, शनिवार-रविवार वृद्धाश्रमात मदतनिशीची पाळी. या सगळ्यात वाचायला वेळ मिळायचा तो बसमध्ये. त्यामुळे ती जे शिकली ते डोक्यात कमी आणि लोकरीत जास्त साठलं होतं. हृदयाचे चार कप्पे तिच्या पिवळ्या टोपीत होते. मूत्रपिंड भावासाठी विणलेल्या मोज्याच्या टाचेत होतं. तो मोजा तिने त्याला वाढदिवसाला देऊन टाकला, आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी त्याला फोन करून सांगितलं, की पाय जरा कॅमेऱ्यासमोर धर. बोटीवर कामाला असलेल्या त्या भल्या माणसाने चार सहकाऱ्यांदेखत पाय वर करून धरला आणि बहिणीने टाचेकडे बघत मूत्रपिंडाचं सगळं काम घडाघडा म्हटलं. मोजा ओला होता, हे तो अजूनही सांगतो.

तर निदान झालं. हात रिकामे राहिले, की डोकं भलतीकडे जातं. औषध साधं होतं: परीक्षेत विणायला मिळालं की झालं.

आता इथे सिनोवेच्या हातून एक चूक झाली. ती ही गोष्ट ओडवारकाकांना बोलली. ओडवारकाका म्हणजे तिचे घरमालक. ते वर राहायचे, ही खाली तळघरातल्या खोलीत. हीटर नीट चालतोय ना हे बघायला म्हणून ते आठवड्यातून दोनदा खाली येत आणि कॉफी संपल्यावर हीटर न बघता वर जात. जन्मभर जकात खात्यात काढलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून कुणाचं खोकं उघडून बघायला मिळत नाही, याची त्यांना बारीकशी खंत होती. सिनोवेला वाटत होतं, की परीक्षा घेणाऱ्या बाईंना जाऊन विचारावं, त्या हो म्हणाल्या की विषय संपला.

ओडवारकाकांनी कप खाली ठेवला.

"तोंडी विचारायचं नाही, पोरी," ते म्हणाले. "तोंडी होकार मिळाला तर आयत्या वेळी त्याला साक्षीदार नाही. आपण लेखी मागायचं. ते लेखी नाही म्हणतील. मग आपण अपील करायचं."

"पण हो म्हणाले तर?"

"हो कसे म्हणतील?" काकांना खरंच आश्चर्य वाटलं. "तो काय सरकारी माणूस नाही का?"

कॉलेजात विशेष सोयींचा एक कक्ष होता आणि त्यात वेगार्ड नावाचा एक तिशीतला गृहस्थ बसे. स्वभावाने गरीब. येणाऱ्या प्रत्येकाला मदत करावी असं त्याला मनापासून वाटे, आणि त्या मदतीला लागणारा फॉर्म आपल्याकडे नाही याचं त्याला मनापासून दुःख होई. त्याने तिच्यापुढे अर्ज ठेवला. त्यात चौकटी होत्या. गरोदर असाल तर एक, अंगावर पाजत असाल तर एक, लिहिता हात मोडला असेल तर एक, डोळे अधू असतील तर एक. दोन्ही हात धड आहेत आणि तेच छळतात, अशी चौकट नव्हती. सगळ्यात खाली 'इतर' असं होतं आणि त्यापुढे बोटभर जागा. वेगार्ड म्हणाला, की सहा वर्षांत ती जागा कुणी भरलेली त्याने पाहिली नाही, तेव्हा भरायचीच तर अक्षर बारीक काढा. सिनोवेने बारीक अक्षरात लिहिलं: 'विणकाम'. वेगार्डने ते दोनदा वाचलं, खुर्ची मागे सरकवली आणि अत्यंत आदराने विचारलं, की तुम्हाला हे कधीपासून होतंय.

अर्जाला डॉक्टरचा दाखला हवा होता. डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे लागले. डॉक्टरांनी तिचा रक्तदाब घेतला, मग तिला पिशवीतून विणकाम काढायला लावून पुन्हा घेतला, आणि दोन्ही आकडे बघून भुवया वर केल्या. माणूस प्रामाणिक होता. नसलेला आजार लिहिणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने लिहिलं: 'सदर तरुणी निरोगी आहे. विणत असताना ती अधिक निरोगी असते.'

आठव्या दिवशी उत्तर आलं. अर्जदार निरोगी असल्याचं सोबतच्या दाखल्यावरून सिद्ध होत असल्यामुळे सोय देता येत नाही.

सिनोवे रडवेली झाली. ओडवारकाका मात्र कित्येक वर्षांत इतके टवटवीत दिसले नव्हते. त्यांनी नकाराचं पत्र उजेडाकडे धरून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून साडेतीन पानांचं अपील लिहिलं. त्यातला मुद्दा बिनतोड होता. परीक्षेला बसलेला प्रत्येक विद्यार्थी डबा आणतो. डब्यात ब्राउन चीज लावलेले पाव असतात, प्रत्येक पावावर कागद असतो आणि तो कागद दोनशे माणसांच्या शांततेत कुरकुर कुरकुर करत उघडला जातो. त्याला बंदी नाही. च्युइंगगम चघळायला बंदी नाही. पेन्सिल चावायला बंदी नाही. मग तोंडाला जी मोकळीक आहे ती हातांना का नाही, हे समितीने कारणांसह कळवावं.

पाच जणांची समिती बसली. काय बोलणं झालं ते वेगार्डने पुढे तिला कॉफीच्या मशीनपाशी हळूच सांगितलं. डब्याच्या मुद्द्यावर समिती हबकली होती, कारण त्याला उत्तर द्यायचं तर डबे बंद करावे लागले असते, आणि ते पाप डोक्यावर घ्यायला पाचांपैकी एकही तयार नव्हता. तेव्हा तत्त्वतः विणकामाला मान्यता मिळाली. पण ज्यांनी तत्त्वतः मान्यता दिली त्यांनी मग अटी घालायला घेतल्या, आणि त्यात मात्र त्यांनी जीव ओतला.

सुयांचा आवाज होतो, म्हणून सुया लाकडी हव्यात आणि परीक्षार्थी वेगळ्या खोलीत हवी. लोकरीच्या गुंड्याच्या पोटात चिठ्ठी असू शकते, म्हणून गुंडा आदल्या दिवशी कार्यालयात पूर्ण उलगडून परत गुंडाळायचा. हे काम वेगार्डकडे आलं. त्याने तो इतक्या कळकळीने उलगडला, की सोडवायला तीन माणसं आणि जेवणाची सुट्टी लागली. मग आली नक्षी. सिनोवे सेल्बू पद्धतीचे हातमोजे विणत होती, म्हणजे अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र, पाठीवर आठ पाकळ्यांचं मोठं फूल, आणि सगळं काळ्या-पांढऱ्या दोन लोकरींत. असल्या मोज्याची नक्षी कागदावर बारीक चौकोनांत छापलेली असते. काळे-पांढरे चौकोन. समितीत एक गणिताचे प्राध्यापक होते. ते त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, की काळ्या-पांढऱ्या चौकोनांत जगातली कुठलीही माहिती लिहिता येते. झालं. कागद बंद. परीक्षेत नक्षीचा कागद न्यायचा नाही. त्याऐवजी विणून झालेला पहिला मोजा नमुना म्हणून टेबलावर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघून दुसरा विणायचा. त्या पहिल्या मोज्यातल्या फुलात औषधाचं कुठलंही सूत्र गुंफलेलं नाही, असं जाणकार व्यक्तीने लिहून द्यायचं. परीक्षेत जेवढं विणून होईल तेवढं उत्तरपत्रिकेसोबत जमा करायचं. परीक्षेत जे तयार होतं ते परीक्षेचं साहित्य आणि ते तीन वर्षं दप्तरात राहतं, असा नियम होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी सिनोवेने सोसलं असतं. पण स्थानिक पेपरला वास लागला. त्यांचा फोटोग्राफर आला आणि म्हणाला, की अन्याय झालेल्या माणसाचा फोटो हाताची घडी घालून काढायचा असतो. रस्त्यातला खड्डा असो की शेजाऱ्याचं झाड, आमच्याकडे तीच पद्धत आहे. सिनोवे म्हणाली, की माझं सगळं गाऱ्हाणंच हात मोकळे हवेत हे आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, पण घडी घाला. त्यातून तिच्यावर अन्याय मुळी झालाच नव्हता, परवानगी मिळाली होती. पण फोटोत ती अशी दिसली, की कुणीतरी तिचं घर बुलडोझरने पाडलंय.

त्यानंतर गावात चालणं अवघड झालं. दुकानात दूध घ्यायला गेलं, की गल्ल्यावरची बाई सांगे, लाकडी सुया वापरू नकोस, घामाने चिकटतात. रांगेतला म्हातारा म्हणे, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, मी नापास झालो तो गपचूप नापास झालो. पाळीवर गेली, तर वृद्धाश्रमातल्या आजीबाई तिचा हात धरून विचारत, की पोरी, नक्की कुणी मारलं तुला. वर्गातल्या एकाने लाकूड कोरायची परवानगी मागणारा अर्ज टाकला, दुसरीने कुत्रा सोबत आणायचा. दोघांचेही अर्ज 'इतर'मध्ये होते आणि वेगार्ड आता भिंतीकडे तोंड करून डबा खायला लागला होता. सिनोवेला आपली लाज वाटायला लागली. जी गोष्ट विचारून दोन मिनिटांत संपली असती तिचं गावभर लग्न लागलं, आणि यानंतर जर दशांशचिन्ह सरकलंच, तर 'विणूनही नापास झालेली ती' म्हणून ती आयुष्यभर ओळखली जाणार होती. नुसतं नापास होणं त्यामानाने अब्रूदार होतं.

जाणकार व्यक्ती म्हणून समितीने गुन्वोरबाईंना नेमलं. दुसरं कोणी नव्हतंच. गुन्वोरबाई एकतीस वर्षं शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता परीक्षेच्या दिवसांत पहारा द्यायला येत. पहाऱ्याला येणारे सगळे असेच निवृत्त लोक. पूर्वी या बायका पहारा देतादेता स्वतःही विणत आणि वेळ मजेत जाई. गेल्या वर्षीपासून त्यावर बंदी आली, कारण एका बाईंनी ओळ मोजायच्या नादात वेळ संपल्याचं सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून गुन्वोरबाई तीन-तीन तास रिकाम्या हातांनी बसत आणि घरी जाऊन बोटं दुखतात म्हणून तक्रार करत. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी कार्यालयात सिनोवेचा मोजा हातात घेतला. आतून बघितला, कारण खरं विणणारा माणूस मोजा आधी आतून बघतो. धागे कुठे ताणलेले नव्हते, कुठे लोंबत नव्हते. बाईंनी लिहून दिलं, की हे फूल आहे आणि फुलाखेरीज काही नाही. मोजा परत देताना त्या इतकंच म्हणाल्या, की अंगठा चांगला बसलाय. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाची इतकी स्तुती केल्याचं ऐकिवात नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कॉलेजच्या टोकाच्या खोलीत दोघीच होत्या. मधे एक टेबल. टेबलावर प्रश्नपत्रिका, कॅल्क्युलेटर, डबा, तपासलेला गुंडा, नमुन्याचा मोजा आणि मनगटापर्यंत विणून झालेला दुसरा मोजा. तीन मीटरवर खुर्चीत गुन्वोरबाई. त्यांना परीक्षार्थीशी तीनच विषयांवर बोलायची परवानगी होती: पाणी, संडास आणि उरलेला वेळ.

पहिलं गणित सिनोवेने सोडवलं आणि एक ओळ विणली. दुसरं सोडवलं, एक ओळ विणली. तिने पद्धतच ठरवली होती: गणित, मग ओळ, मग गणितावर परत नजर, मग पुढे. पाचव्या गणितापर्यंत तिच्या खांद्यांतला ताण गेला. लाकडी सुया खरंच जरा चिकटत होत्या, गल्ल्यावरची बाई अगदीच चूक नव्हती. पण हात चालले होते आणि डोकं जागेवर होतं. आठव्या गणितापाशी तर ती स्वतःशीच हसली. इतकं सगळं सोसून ही एवढी साधी गोष्ट शेवटी खरी निघत होती.

पावणेअकराला पंधरा गणितं संपली. हातात सव्वा तास होता. उत्तरं तपासायची होती, पण त्याआधी अंगठ्याची जागा सोडायची ओळ आली होती आणि ती मधेच टाकता येत नाही. तिने नमुन्याचा मोजा जवळ ओढला, त्याचा अंगठा कुठल्या टाक्यावर आहे ते मोजलं आणि अगदी तिथेच, टाका चुकू न देता, दुसऱ्याचा सुरू केला.

तीन मीटरवर गुन्वोरबाई खुर्चीत ताठ झाल्या.

बाईंना काय दिसलं ते सिनोवेला त्या वेळी कळलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की बाई उठल्या आणि त्यांनी पाणी हवं का विचारलं. नको म्हटल्यावर त्या बसल्या. दोन ओळी झाल्या. बाई पुन्हा उठल्या आणि संडासला जायचंय का विचारलं. तेही नको होतं. मग त्यांनी वेळ सांगितली. कुणी विचारली नव्हती. मग खिडकीकडे जायच्या निमित्ताने त्या टेबलाजवळून गेल्या, टेबलाशी थांबल्या, खाली बघितलं आणि असा काही उसासा टाकला, की सिनोवेच्या हातातली सुई थांबली. जाताना टाकला तसाच येतानाही टाकला.

 बाई खाली बघत होत्या, आणि खाली होती उत्तरपत्रिका. मोजाही तिथेच होता, पण तिसऱ्या खेपेला बसलेल्या मुलीला मोजा कशाला दिसेल. बाईंना काहीतरी चुकलेलं दिसलंय. तिने विणकाम बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून तपासायला घेतलं. पहिलं बरोबर. चौथं, जे मागच्या खेपेला नडलं होतं, बरोबर. आठवं बरोबर. नवव्यात एक तान्हं मूल होतं. त्याला एक औषध शून्य दशांश दोन मिलिग्रॅम द्यायचं होतं, आणि बाटलीत दर मिलिलिटरला शून्य दशांश पाच मिलिग्रॅम होतं. तिने उत्तर लिहिलं होतं चार मिलिलिटर.

ती त्या चारकडे बघत राहिली. कॅल्क्युलेटरवर तिने ते परत केलं आणि शून्य दशांश चार आलं. दहापट. कागदावर ते पुसता येत होतं. वॉर्डात आलं नसतं. वॉर्डात ते चार मिलिलिटर तिने स्वतः सिरिंजमध्ये ओढले असते, हवेचे बुडबुडे काढले असते, आणि पलंगाशी उभ्या असलेल्या आईकडे बघून हसलीसुद्धा असती. या परीक्षेला एकच चूक का चालत नाही, हे तिला आज पहिल्यांदा पोटातून कळलं. तिने उत्तर खोडून नीट लिहिलं आणि हात वर करून सांगितलं, की आता पाणी हवंय.

उरलेली सहा बरोबर होती. पण आता तिला नवाच घोर लागला. हे उत्तर तिचं होतं का? बाईंनी उसासा टाकला नसता तर तिने तपासलं असतं, तपासणारच होती. पण इतक्या बारकाईने? पहारेकऱ्याने खूण केली आणि परीक्षार्थीने ती घेतली, तर त्याला जे नाव आहे ते तिला माहीत होतं, आणि त्यात तिसरी खेप रद्द होते. न सांगावं, तर कुणाला कळणार नव्हतं. खोलीत दोघीच होत्या, आणि दुसरी तर सामील दिसत होती. अर्धा तास ती विणत राहिली. सुया लाकडी असूनही खट खट वाजत होत्या.

बाराला दोन मिनिटं असताना ती म्हणाली, "मला काहीतरी सांगायचंय."

गुन्वोरबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन मिनिटं दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. बारा वाजले. बाईंनी उत्तरपत्रिका घेतली, पाकिटात घातली, अर्धवट मोजा सुयांसकट दुसऱ्या पाकिटात घातला, दोन्ही पाकिटं चिकटवली, दोन्हींवर वेळ लिहिली. मग त्या टेबलावर दोन्ही हात टेकून वाकल्या.

"आता आधी मी बोलते, नाहीतर माझा जीव जाईल. दोन्ही डावे आहेत गं."

"काय दोन्ही डावे?"

"मोजे. पहिला डाव्या हाताचा. त्याचा अंगठा जिथे होता तिथेच तू दुसऱ्याचा घातलास. अंगठ्याची बाजू उलट करायची असते, ते कागदावर लिहिलेलं असतं ना."

"कागद न्यायची बंदी होती," सिनोवे म्हणाली. तिचा आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा येत होता. "बाई, म्हणजे तुम्ही तेवढा वेळ मोज्याकडे बघत होतात? गणिताकडे नाही?"

"गणित?" बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला भाजीच्या दुकानात मोडही मोजता येत नाही. मी म्हटलं, पोरगी आता अंगठा घालेल, आता थांबेल, आता तिला कळेल. तू आपली सरळ पुढे. तासभर माझ्या डोळ्यांदेखत. एकतीस वर्षं शिकवलंय मी, असं नुसतं बघत बसायची सवय नाही मला."

सिनोवे हसायला लागली आणि मग तिला रडू आलं, आणि त्या रडण्यातच तिने सगळं सांगून टाकलं: नववं गणित, उसासा, तपासणं. हे तुम्हाला पहाऱ्याच्या वहीत लिहावं लागेल, म्हणाली. मोजा असो की काही असो, तुमच्या उसाशावरून मी तपासलं, ते लपवून मला नर्स व्हायचं नाही. गुन्वोरबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग शाळेतल्या बाईंसारखी वही उघडली आणि सगळं लिहिलं: पाणी विचारल्याची वेळ, संडास विचारल्याची वेळ, दोन्ही उसाशांच्या वेळा आणि दिशा.

समिती पुन्हा बसली. वेगार्डने नंतर सांगितलं, की दोन्ही बैठकांपैकी हीच खरी गंभीर होती. गुन्वोरबाईंना बोलावून विचारलं, की उसासा नेमका कोणत्या वस्तूला उद्देशून होता. गणिताच्या प्राध्यापकांनी शंका काढली, की त्यांना उत्तर दिसलंच नाही हे कशावरून. तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढे जमा केलेला मोजा ठेवला आणि विचारलं, की यात काय चुकलंय ते तुम्हाला दिसतंय का. प्राध्यापकांनी तो उलटापालटा करून बघितला आणि प्रांजळपणे नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, तुम्हाला हे दिसत नाही तसं मला ते दिसत नाही. एवढ्यावर काम आटपलं.

सोळाव्या दिवशी पत्र आलं तेव्हा ओडवारकाका फाटकापाशीच उभे होते. नकार येणार हे धरून त्यांनी अपिलाची दोन पानं तयार ठेवली होती. पत्रात तीन परिच्छेद होते. पहिल्यात, सर्व पंधरा उत्तरं बरोबर असून परीक्षार्थी उत्तीर्ण. दुसऱ्यात, पहारेकऱ्यांचे दोन्ही उसासे हातमोज्याच्या अंगठ्यासंबंधी होते असं समितीचं मत झालं असून, अंगठा अभ्यासक्रमात नाही. तिसऱ्यात, जमा केलेला हातमोजा नियमाप्रमाणे तीन वर्षं दप्तरात राहील.

सिनोवे पायरीवर बसली आणि पहिला परिच्छेद पाच-सहा वेळा वाचत राहिली. काकांनी पत्र तिच्या हातातून घेतलं, पहिल्या परिच्छेदावरून नजर फिरवून तिचं अभिनंदन केलं आणि तिसऱ्यावर येऊन त्यांचा चेहरा खुलला.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "तुझी लोकर, तुझे हात. तीन वर्षं? मोजा परत मिळालाच पाहिजे. मी उद्याच लिहितो."

"नको, काका," सिनोवे म्हणाली. "राहू दे तिथेच. दोनातला नेमका चुकलेलाच त्यांनी ठेवून घेतलाय."

आणि ती खाली जाऊन, नक्षीचा कागद समोर ठेवून, उजव्याचे टाके घालायला बसली.